वुल्फडॉग 'बस' म्हटलं की बसतो, पण 'ये' म्हटल्यावर येतो का? डहाणू-तलासरीत पाळायचा विचार असेल तर आधी हे वाचा

रील तुम्हीही पाहिली असेल. करड्या केसांचा, पिवळसर डोळ्यांचा, हुबेहूब लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा मालकाच्या एका इशाऱ्यावर खाली बसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर जातो, मागे दणदणीत संगीत वाजतं आणि खाली कमेंट पडतात, "भाई, कुठे मिळेल?"

आता समजा, डहाणू, बोर्डी किंवा घोलवडला तुमची चिकूची वाडी आहे, नाहीतर तलासरीत हायवेपासून आत एखादं फार्महाऊस आहे. राखणीला कुत्रा हवाच आहे. मग साधा कुत्रा कशाला, वुल्फडॉगच घेऊ आणि चांगला ट्रेनर लावू, असा विचार मनात येणं साहजिक आहे.

ट्रेनिंगने वुल्फडॉग खरंच ताब्यात राहतो का? तो किती शिकतो आणि कुठे अडतो? डहाणू-तलासरीसारख्या भागात तो पाळायचा म्हटलं तर काय होऊ शकतं? एकेक करून समजून घेऊया.

वुल्फडॉग म्हणजे नेमकं काय?

कुत्रा आणि लांडगा यांच्या संकरातून आलेल्या जनावराला ढोबळमानाने वुल्फडॉग म्हणतात. जगात याच्या दोन जाती रीतसर मान्यता मिळालेल्या आणि प्रसिद्ध आहेत.

पहिली चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉग. १९५५ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सुरू झाला. 'ब्रिटा' नावाची लांडगी आणि 'सेझार' नावाचा जर्मन शेफर्ड यांची पहिली पिल्लं २६ मे १९५८ रोजी जन्मली. पुढच्या पिढ्या सीमेवर गस्त घालणाऱ्या दलासाठी तयार करण्यात आल्या. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने म्हणजे एफसीआयने या जातीला १९९९ मध्ये कायम मान्यता दिली.

दुसरी सार्लोस वुल्फडॉग. नेदरलँड्सच्या लेंडर्ट सार्लोस यांनी १९३० च्या दशकात जर्मन शेफर्ड आणि लांडगी यांचा संकर करायला सुरुवात केली. कामाचा अधिक दणकट कुत्रा तयार करावा, असा त्यांचा हेतू होता. अंधांना वाट दाखवण्याच्या कामासाठीही या कुत्र्यांवर प्रयत्न झाले. पण लांडग्याचं रक्त वाढलं तसा कुत्रा बुजरा होत गेला. अनोळखी माणूस किंवा नवी वस्तू दिसली की अंगावर जाण्याऐवजी तो लांब पळायचा. म्हणजे वुल्फडॉग हा जबरदस्त राखणदार असतो, हा समज मुळातच डळमळीत आहे. लांडगा माणसाला टाळतो, आणि तीच भीती त्याच्या रक्तातून पुढे येते.

भारतात मिळतात ते खरे वुल्फडॉग असतात का?

बऱ्याचदा नसतात. सायबेरियन हस्की, अलास्कन मालाम्यूट, जर्मन शेफर्ड किंवा यांची मिश्र पिल्लं 'वुल्फडॉग' म्हणून खपवणं अवघड नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या सीझनमधले लांडगे आठवतात? ते नॉर्दर्न इन्यूट जातीचे कुत्रे होते. नुसत्या दिसण्यावरून रक्त ओळखता येत नाही. विकणारा 'साठ टक्के लांडगा' असं छातीठोकपणे सांगत असला, तरी डीएनए तपासणीशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

२०२५ मध्ये बंगळुरूच्या एका व्यक्तीने ५० कोटी रुपयांना वुल्फडॉग घेतल्याचा दावा केला आणि तो देशभर व्हायरल झाला. मग ईडीचं पथक त्याच्या घरी पोहोचलं आणि तो दावा पोकळ निघाल्याच्या बातम्या आल्या. थोडक्यात, या बाजारात गोष्टी रंगवून सांगणारे बरेच असतात.

लांडगा शिकत नाही, असं आहे का?

अजिबात नाही. लांडगा हुशार असतो. ऑस्ट्रियात एर्न्स्टब्रुन इथे 'वुल्फ सायन्स सेंटर' ही संशोधन संस्था आहे. तिथे माणसांनी लहानपणापासून वाढवलेले लांडगे बसतात, आडवे होतात, पट्ट्याला बांधून चालतात आणि संशोधनासाठी टचस्क्रीनवर नाकाने खुणाही करतात.

फरक वेगळ्या ठिकाणी आहे. हंगेरीच्या बुडापेस्टमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्रे, दोघांनाही आधी मांस मिळवायचं एक काम शिकवलं. मग गुपचूप अशी सोय केली की ते काम होऊच शकणार नाही. कुत्र्यांनी थोडा वेळ खटपट केली आणि मान वळवून माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. जणू विचारत होते, "आता काय करू?" लांडगे मात्र स्वतःच झटत राहिले. माणसाकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही.

ट्रेनिंगचा सगळा पाया या एका नजरेवर उभा असतो. आपला कुत्रा गोंधळला, घाबरला किंवा त्याला काही हवं असलं की तो आपल्याकडे बघतो. त्या क्षणी आपण सांगतो आणि तो करतो. हजारो वर्षांच्या सहवासातून ही सवय तयार झाली आहे. लांडग्याचं रक्त जितकं जवळचं, तितकी ती सैल होते. वुल्फडॉगला 'बस' काय ते कळतं. पण आत्ता बसण्यात आपला फायदा आहे का, याचा हिशोब तो स्वतः करतो.

पिल्लू लहानपणी आणलं तर?

याचा फायदा होतो, पण त्यालाही मर्यादा आहे. पिल्लाच्या आयुष्यात सुरुवातीचे काही आठवडे असे असतात की तेव्हा जे दिसतं, ऐकू येतं, हाताळलं जातं, ते त्याला 'आपलं' वाटतं. त्यानंतर नवी गोष्ट म्हणजे धोका.

अमेरिकन संशोधक कॅथरिन लॉर्ड यांनी २०१३ मध्ये दाखवलं की लांडग्याची पिल्लं साधारण दोन आठवड्यांची असतानाच इकडेतिकडे फिरू लागतात. तेव्हा त्यांना नीट दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. कुत्र्याची पिल्लं चार आठवड्यांच्या आसपास फिरू लागतात, आणि तोवर त्यांचे डोळे-कान उघडलेले असतात. लांडग्याची ओळखीची खिडकी आधी उघडते, म्हणून ती आधी बंदही होते.

आता ही गोष्ट आपल्याकडच्या नियमाशी ताडून बघा. श्वान प्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाला आईजवळ राहू देणं गरजेचं असतं, त्यामुळे नियम योग्यच आहे. पण लांडग्याचं रक्त जास्त असलेलं पिल्लू तुमच्या घरी येईपर्यंत माणसांची सवय होण्याचा महत्त्वाचा काळ मागे पडलेला असू शकतो. तो काळ त्याने कुठे काढला? घरात, माणसांच्या मांडीवर, की मागच्या पिंजऱ्यात? ट्रेनरच्या फीपेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे.

'तू अल्फा बन' हा सल्ला बरोबर आहे का?

हा सल्ला सोशल मीडियावर सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही करतो. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरा, त्याच्या आधी जेवा, त्याला दाखवून द्या की बॉस कोण आहे, वगैरे.

ही कल्पना १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी केलेल्या अभ्यासापर्यंत मागे जाते. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा' शब्द जगभर पोहोचवला. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. भांडून 'बॉस' झालेला कुणी त्यात नसतो.

वुल्फडॉगला मारलं, साखळीने हिसके दिले किंवा शॉक कॉलर लावला, तर तो तुम्हाला धोका समजू लागतो. गुरगुरल्याबद्दल शिक्षा झाली तर तो गुरगुरणं सोडतो, आणि पुढच्या वेळी कसलीही सूचना न देता चावतो.

मग त्याला शिकवायचं तरी कसं?

ज्यांच्याकडे असं जनावर आधीच आहे, त्यांनी या गोष्टी पाळाव्यात.

*वेळ कमी, वेळा जास्त.* एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरेत, दिवसातून चार-पाच वेळा. वुल्फडॉग लवकर कंटाळतो. दहाव्यांदा 'बस' म्हणाल तर तो उठून निघून जाईल.

*बक्षीस तोलामोलाचं.* कोरडं बिस्किट चालणार नाही. उकडलेलं चिकन किंवा अंड्याचे बारीक तुकडे द्या. काम केल्याबरोबर लगेच, एक-दोन सेकंदांत.

*'ये' हा शब्द जपा.* हाक मारून बोलावलं आणि मग आंघोळ घातली, ओरडलात किंवा कोंडलंत, तर तो शब्द वाया गेला. बोलावल्यावर येणं नेहमी फायद्याचंच असायला हवं. सराव दहा-पंधरा मीटरच्या लांब दोरीवर करा आणि उघड्यावर दोरी कधीच सोडू नका.

*हिसकावू नका, अदलाबदल करा.* तोंडात हाड किंवा चप्पल असेल तर त्याहून चांगलं काही पुढे करा आणि 'दे' शिकवा. वस्तू राखण्यावरून चावण्याचा धोका यामुळे कमी होतो.

*जाळीचा मुखपट्टा आणि डॉक्टर.* पंजे, कान, तोंड हाताळू देणं आणि तोंडाला मुखपट्टा घालू देणं लहानपणीच खाऊ देत देत शिकवा. चाळीस किलोचं घाबरलेलं जनावर टेबलावर धरून ठेवणं कुठल्याही पशुवैद्याला सोपं नसतं.

*एकटं राहणं.* याची सवय मिनिटामिनिटाने वाढवावी लागते. एकट्या वुल्फडॉगने दारं कुरतडणं, कुंपणाखालून खणून बाहेर पडणं नेहमीचं आहे. शनिवार-रविवारपुरतं फार्महाऊसवर येणाऱ्यांसाठी हा प्राणी नाहीच.

*दीड ते तीन वर्षांचा काळ.* सहा महिन्यांचं गोड पिल्लू वयात आलं की बदलतं. अनोळखी माणसांबद्दल संशय वाढतो, दुसऱ्या कुत्र्यांशी खटके उडतात. तेव्हा ट्रेनिंग बंद करू नका. आधी शिकवलेलं पहिल्यापासून पुन्हा घ्या.

ट्रेनिंगने काय होत नाही?

शिकारीची ओढ जात नाही. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड आणि मारणं, अशी ही साखळी असते. कुत्र्यांच्या अनेक जातींमध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्या काही कड्या सैल केल्या. मेंढपाळाचा बॉर्डर कोली नजर रोखतो, पाठलाग करतो, पण मेंढी मारत नाही. वुल्फडॉगमध्ये ही साखळी पूर्ण असू शकते. समोर कोंबडी फडफडली की मागून येणारी हाक त्याला ऐकू येते, पण तेव्हा ती त्याच्यासाठी बिनमहत्त्वाची असते.

डहाणू-तलासरीत वेगळं काय आहे?

नेमकं इथेच ही ओढ महागात पडते. मोठमोठी कुंपणं घातलेला हा मुलूख नाही. वाडीच्या पलीकडे पाडा असतो, पाड्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या असतात, बांधावर बकऱ्या चरत असतात आणि पोरं वाडीतूनच शाळेला जातात. वाडीला असलीच तर तारेची किंवा झुडपांची वई. असं जनावर रोखायला निदान आठ फूट उंच जाळी लागते, आणि खणून जाऊ नये म्हणून ती जमिनीतही पुरावी लागते. संपूर्ण वाडीला असं कुंपण घालायचा खर्च काढून बघा.

वारली किंवा कोकणा कुटुंबाच्या दोन बकऱ्या म्हणजे अडीनडीला मोडायची ठेव असते. बिबट्याने बकरी मारली तर पंचनामा होऊन वनविभागाकडून भरपाई मिळू शकते. कुत्र्याने मारली तर ती भरपाई कुत्र्याच्या मालकानेच द्यायची असते, आणि वाडीचा मालक मुंबईत असला की ती मागायला जायचं कुठे? हौस एकाची, नुकसान दुसऱ्याचं, असा हा प्रकार होतो.

दुसरा मुद्दा बिबट्याचा. या भागात बिबट्या नवा नाही. वारली समाज वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या मानत आला आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशे ठाणी संशोधकांनी नोंदवली असून तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आता राखणीचा मुद्दा घ्या. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. रात्री बाहेर बांधलेला कुत्रा, मग तो कितीही लांडग्यासारखा दिसो, बिबट्यासाठी आयतं जेवण ठरू शकतो. त्याला रात्री बंदिस्त जागेतच ठेवायला हवं. मग राखण करणार कोण?

तिसरं म्हणजे हवा. थंड देशांतल्या लांडग्यांकडून आलेली दुहेरी केसांची लोकर आणि डहाणूचा दमट उन्हाळा यांचं जमत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातनंतर त्याला पळवणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. पावसाळ्यात ओल्या लोकरीत गोचीड आणि त्वचेचे आजार वाढतात. व्यायाम न मिळालेला वुल्फडॉग जास्त अस्वस्थ होतो आणि ट्रेनिंग आणखी अवघड बनतं.

कायदा काय सांगतो?

भारतीय लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहे. रानातून पिल्लू आणणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'देशी लांडग्याचा क्रॉस' म्हणून कुणी पिल्लू देऊ करत असेल तर दूर राहा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ प्रकारच्या 'आक्रमक' कुत्र्यांच्या आयात, प्रजनन आणि विक्रीवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. त्या यादीत वुल्फडॉगचंही नाव होतं. पण सगळ्यांचं म्हणणं ऐकून न घेता निर्णय झाला, या मुद्द्यावर कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक बाजूला सारलं. नियम बदलत असतात, म्हणून पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करा आणि विकणाऱ्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा.

यादीचं काहीही होवो, जबाबदारी टळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. 'आमच्या कुत्र्याला लस दिली आहे' म्हणून थांबू नका. वुल्फडॉगसाठी म्हणून परवाना मिळालेली रेबीजची लस अमेरिकेतही नाही.

पुण्याजवळ काय घडलं?

संकराचा प्रश्न आपल्या राज्यात रानातही आहे. पुण्याजवळच्या माळरानांवर 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'च्या लोकांना काही वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. त्यांचे नमुने तपासल्यावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय पुराव्याने सिद्ध झालं. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतातला असा तो पहिलाच पुरावा होता. देशात सुमारे तीन हजार लांडगे उरलेत. मोकाट कुत्र्यांशी संकर होत राहिला तर लांडग्यांची मूळ ओळखच पुसट होईल. आपला कुत्रा मोकाट न सोडणं आणि त्याची नसबंदी करणं यामुळेच महत्त्वाचं ठरतं.

मग वाडीसाठी कुत्रा कुठला?

गावठी. त्याला इथली हवा मानवते, औषधपाण्याचा खर्च कमी येतो, अनोळखी पाऊल वाजलं की तो भुंकतो आणि गोंधळला की तुमच्या तोंडाकडे बघतो. पाड्यातल्या कोंबड्यांमध्ये वाढलेलं पिल्लू घेतलंत तर अर्धं ट्रेनिंग आधीच झालेलं असतं. मुधोळ आणि कारवान हे आपल्याकडचे देखणे कुत्रे आहेत, पण तेही मुळात शिकारी, तेव्हा बकऱ्या-कोंबड्यांच्या शेजारी त्यांनाही मोकळं सोडता येत नाही.

आणि वुल्फडॉग आधीच घरात असेल तर त्याला हायवेवर किंवा जंगलात सोडून येऊ नका. रानात जगायचं कसं ते त्याला माहीत नसतं आणि माणसांत राहायची परवानगी त्याला कुणी देत नाही. उंच कुंपण, लांब दोरी, रात्री बंदिस्त निवारा, नसबंदी आणि रोजची पाच-पाच मिनिटं, एवढं बारा-चौदा वर्षं करायची तयारी ठेवा.

पुढच्या वेळी तशी रील दिसली तर एवढंच बघा. तो कुत्रा बसतो तेव्हा गळ्यात पट्टा आहे का, आजूबाजूला कुंपण आहे का, आणि जवळपास एखादी कोंबडी फिरतेय का? ग्रुपवर कुणी "कुठे मिळेल?" असं विचारत असेल तर पत्ता देण्याआधी त्याला हा लेख पाठवा.